नामदेवराव पाणी मागतात

नामदेवराव सूर्यवंशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फायलींच्या गठ्ठ्यावर बसून पाणी पीत होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा झाला, पण जिल्ह्याला बसायला खुर्ची नव्हती. आमची कचेरी एका भाड्याच्या माडीवर, दारावरच्या पाटीचा रंग अजून हाताला लागायचा, आणि जुन्या जिल्ह्याहून ट्रकनं आलेले दप्तराचे गठ्ठे हेच आमचं फर्निचर. उन्हाळा मी म्हणत होता. शिपाई माठातल्या पाण्याचा पेला घेऊन एकेकाला विचारत फिरत होता. कोपऱ्यातल्या एका उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणापाशी तो आला, तेव्हा त्या तरुणानं मांडीवरचा पितळी फिरकीचा तांब्या नुसता वर करून दाखवला आणि म्हणाला, "हाय माझ्याजवळ."

पुढं अख्खी नोकरी मी हे वाक्य ऐकलं. लग्नात, बारशात, मयताच्या घरी, साहेबांच्या बंगल्यावर, कुठंही कुणी पाणी विचारलं की तांब्या वर आणि "हाय माझ्याजवळ." जेवणाचं मात्र असं नाही. जेवायला नामदेवरावांना कुणाचंही घर चालायचं आणि ते जेवायचेही असे, की वाढणारीला आपला स्वयंपाक आज साधला याची खात्री पटावी. लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या घरी त्यांनी एकदा इतकी पुरणपोळी खाल्ली की आईनं दुसऱ्यांदा पुरण घातलं. पण पाणी स्वतःचं. "भाकर कुणाची बी खाईन, अप्पा, पाणी माझं पिईन," हा त्यांचा कायदा. तांब्या संपला तर बाटली विकत घ्यायचे, सोडा प्यायचे, उसाच्या रसावर दिवस काढायचे. विकत घेतलेलं पाणी हे मागितलेलं पाणी नव्हे, असं त्या कायद्याचं पोटकलम होतं.

बरं, माणूस कंजूष म्हणावा तर तेही नाही. एस.टी.त कुणाचं लेकरू रडायला लागलं की पहिला तांब्या यांचा पुढं व्हायचा. उन्हातान्हात कचेरीत आलेल्या म्हाताऱ्याला आधी पाणी, मग काम. पाणी द्यायला हात सैल आणि मागायला तोंड शिवलेलं, असा हा माणूस होता.

आमच्यातले तिसरे खाजाभाई. ते मूळचे नायगावचे, नांदेड जिल्ह्यातून बदली होऊन आले आणि लातूरचेच झाले. स्वयंपाकाचा भारी नाद आणि जिभेला हाड नाही. ते नामदेवरावांना विचारायचे, "मियाँ, तुमारे तांब्ये में मक्के का जमजम है क्या?" नामदेवराव हसून सोडून द्यायचे. एकदा डबा खाताना मात्र त्यांनी तांब्याची फिरकी लावत शांतपणे सांगून टाकलं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होतो, भाई. आमच्या गावात एकच विहीर जिवंत होती, वरच्या आळीतल्या एका घराची. आई घागर घेऊन काठावर उभी राहायची. कुणी शेंदून वरून ओतलं तर मिळायचं, न्हाईतर उभीच. एकदा शाळेतून येताना लई तहान लागली म्हणून म्या त्या घराच्या दारात जाऊन पाणी मागितलं. रांजण समोर भरलेला दिसून राहिला होता. 'न्हाई' म्हणले. घरी येऊन सांगितलं तर आईनं आधी मारलं, मग जवळ घेतलं, आन म्हणली, नाम्या, मेलास तरी चालंल, कुणाला पाणी माग नको."

निलंग्याकडचं ते गाव. तिथं त्यांच्या आईनं, सखूबाईनं, खडी फोडून यांना शिकवलं. एवढं सांगून नामदेवराव पुन्हा भाकरीकडे वळले. खाजाभाईंचा जमजमचा विनोद त्या दिवसापासून बंद झाला. मी त्यांच्या पानात माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. ती त्यांनी घेतली.

आम्ही तिघं मागंपुढं निवृत्त झालो, आणि मग तो दुष्काळ आला ज्यात लातूरचं नाव देशभर झालं. नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून अभिनंदन करायचे. अशा दिवसांत नामदेवरावांनी काढलं की श्रीलंकेला जायचं. अनुराधपुरातला बोधिवृक्ष पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. वहिनींच्या गुडघ्यांनी ऐन वेळी राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं. खाजाभाई म्हणाले, "हम क्या करेंगे वहाँ?" नामदेवराव म्हणाले, "एकट्यानं बघितलेलं सांगायला कुणाकडं जाऊ? तुम्ही दोघं बघा, मंजे मला खरं वाटंल."

हैदराबादच्या विमानतळावर पहिला खेळ झाला. तांब्यात पाणी होतं, आणि तपासणीवरचा जवान म्हणाला, पाणी ओतून या. नामदेवरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं खिसा उलटा करायला सांगितलाय. "साहब, लातूर का पानी है. फेकना नहीं होता." जवान म्हणाला, नियम आहे. "तो फिर तुम पियेंगे क्या? अच्छा पानी है." जवान नको म्हणाला. मग रांग थांबवून, उभ्या उभ्या, अख्खा तांब्या त्यांनी घशाखाली उतरवला. मागचे प्रवासी घड्याळं पाहत होते, खाजाभाई टाळ्या वाजवत होते आणि मी यांना ओळखत नसल्यासारखा पट्टा घालत होतो. विमानात पट्टे सोडायची परवानगी मिळाल्याबरोबर नामदेवराव जे उठले, ते कोलंबोपर्यंत सीटवर फारसे दिसले नाहीत.

जेवणाच्या बाबतीत आमची पंगत मजेशीर होती. मी लिंगायत, मासा-मटण नाही. खाजाभाईंना मटण पाहिजे, पण ते कुणी कसं कापलं हे कळलं पाहिजे. नामदेवरावांना सगळं चालतं, फक्त पाणी चालत नाही. तिघांत मिळून कसाबसा एक पूर्ण जेवणारा माणूस होत होता. त्यात तिथली तऱ्हा अशी, की खोबऱ्याच्या चटणीतसुद्धा वाळल्या माशाचा चुरा असतो. मी सकाळी मोठ्या भक्तिभावानं नारळाची चटणी खाल्ली आणि दुपारी मला सांगण्यात आलं की मी मासे खाऊ लागलो आहे.

पहिल्याच दिवशी नाश्त्याच्या दुकानात आणखी एक भानगड झाली. मी बाहेर रस्ता पाहत उभा होतो. आतून खाजाभाईंनी हाक मारली, "अप्पा! ओ अप्पा!" मी पोचायच्या आत पोऱ्यानं त्यांच्यापुढं गरम गरम जाळीदार, वाटीसारख्या खोलगट घावनांची चळत आणून ठेवली. त्या घावनांना तिकडं 'आप्प' म्हणतात. मी "काय झालं?" म्हणून आत आलो, तर नामदेवराव म्हणाले, "बसा. तुमाला बोलावलं तर तुमच्या भावकीचं आख्खं गाव आलं." पुढं आठ दिवस दोघंही मला हाक मारायला घाबरायचे, किंवा भूक लागली की मुद्दाम मारायचे.

खाजाभाईंना वेगळाच शोध लागला. तिथले लोक 'हो'ला 'औ' म्हणतात. आमच्याकडं दखनीत 'हौ'. खाजाभाई भर बाजारात थांबले. "अरे, ये तो हमारे लोगां हैं!" त्यानंतर त्यांनी कुणाचंही काही ऐकून घ्यायचं बाकी ठेवलं नाही. समजो न समजो, दर वाक्याला "हौ, हौ". त्यामुळं आम्हाला दोन वेळा न मागितलेलं जेवण आणि एक वेळा न मागितलेला नारळांचा घोस विकत घ्यावा लागला.

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव सुनील. "इतक्या लांब येऊन सुनीलच?" नामदेवरावांना जरा वाईट वाटलं. पण पोरगा गुणी होता, तोडकं हिंदी-इंग्रजी बोलायचा. त्यानं अनुराधपुराच्या वाटेवर एका तलावापाशी गाडी थांबवली. राजेलोकांनी बांधलेला जुना तलाव, काठोकाठ भरलेला, पलीकडचा काठ दिसत नव्हता. आम्ही लातूरची माणसं, चपला काढून बांधावर चढलो. नामदेवराव तिथंच बसले आणि म्हणाले, "ह्याचा एक कोपरा मिळाला असता तर आपला जिल्हा निघाला असता, अप्पा." उठताना त्यांनी पाण्यात हातसुद्धा घातला नाही. म्हणाले, "न्हाई, लोकांचं हाय."

बोधिवृक्षाला पाणी घालायची तिथं रीत आहे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं लहान लहान घडे घेऊन फेरा घालतात आणि पाराशी पाणी ओततात. नामदेवरावांनी घडा घेतला नाही. बाटल्या विकत घेऊन भरलेला आपला तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याला लावला आणि थेंब न् थेंब तिथं ओतला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं त्रिशरण म्हणत असतील, पण जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, ते फक्त "आई, आई" म्हणत होते. माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. खाजाभाईंनी रुमालाची टोपी केली होती, तिनंच डोळे पुसले.

तिथून सुनील आम्हाला जेवायला आपल्या घरी घेऊन गेला. गाव जवळच होतं. लाल कौलांचं घर, अंगणात फणस, आणि त्याची आई, जिला सगळे 'अम्मा' म्हणत. बाई ठेंगणी, हसरी आणि आमच्याकडच्या कुठल्याही आईसारखी आग्रहाची. आम्हाला टेकवून सुनील पेट्रोल भरायला गेला, म्हणजे आमच्या पाण्याच्या बाटल्याही गेल्या आणि दुभाषाही गेला. अम्मानं पानावर नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या वाढल्या. शेजारी लालभडक ठेचा. कांदा, मिरची, मीठ, लिंबू, सगळं वाटलेलं.

नामदेवरावांचे डोळे चमकले. परदेशात इतक्या दिवसांनी ओळखीचा माणूस भेटावा तसा तो ठेचा त्यांना भेटला. मी म्हणालो, "जपून." ते म्हणाले, "अप्पा, निलंग्याचा माणूस हाय मी. आमच्याकडं बाळगुटीतच तिखट घालतेत." आणि त्यांनी वडीबरोबर तो ठेचा निलंग्याच्या मापानं घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घासाला त्यांचा चेहरा बदलला. कान लाल झाले. कपाळावर घाम फुटला. ठसका लागला तो थांबेना. हात सवयीनं तांब्याकडं गेला, फिरकी काढली, तांब्या तोंडाला लावला, आणि त्यातून काही आलं नाही. सगळं पाणी झाडाला घातलं होतं.

तिथं पाणी जेवणानंतर देत असावेत, कारण समोर पेला नव्हता. खाजाभाई उठले, पण जाणार कुठं? मी बाईंना खुणा करायला हात वर केला, तर नामदेवरावांनी माझा हात धरून खाली दाबला. माझ्यामार्फत मागितलेलं पाणीही त्यांना मागितलेलंच होतं. आम्ही दोघं त्यांच्याकडं पाहत होतो. हा माणूस गुदमरेल पण मागणार नाही, हे आम्हाला पक्कं माहीत होतं, आणि मला खरंच भीती वाटली.

अम्मा त्यांच्यापुढं येऊन वाकली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आम्हाला कळलं नाही, पण तसं कुठल्याही आईनं विचारलं असतं. नामदेवरावांनी वर पाहिलं. 

"आई," ते म्हणाले, "पाणी."

"पॅणी?" अम्माचा चेहरा उजळला. "पॅणी! औ, औ!" ती लगबगीनं आत गेली आणि मातीच्या वाडग्यात म्हशीचं घट्ट दही घेऊन आली. दुसऱ्या हातात एक बाटली. त्या बाटलीतून तिनं दह्यावर काळपट सोनेरी, घट्ट धार धरली, ती धरली ती धरलीच. वाडगं भरून वाहायला लागलं तरी हात आखडेना.

तिकडं 'पॅणी' म्हणजे ताडासारख्या एका झाडाच्या रसाचा पाक. दह्याबरोबर खातात. आमच्या नामदेवरावांनी बहात्तरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा पाणी मागितलं, आणि त्यांना काकवी मिळाली.

त्यांनी ते वाडगं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. मिशांना दही लागलं, हनुवटीवरून पाक ओघळला. तिखट शमलं. त्यांनी वाडगं खाली ठेवलं, ओठ चाटले आणि गोंधळून आमच्याकडं पाहिलं. "भाई, हे पाणी न्हवं. ही काकवी हाय!" खाजाभाईंना आधी हसू फुटलं की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अम्मा मात्र दुसऱ्यांदा बाटली घेऊन तयार. "ऍती, ऍती!" असं मी ओरडलो. 'पुरे' साठी तिकडचा शब्द आहे तो. आपण 'अती' म्हणतो तिथंच ते थांबतात.

सुनील आला, त्याला सगळं समजलं, त्यानं आईला सांगितलं. पाण्याला त्यांच्याकडं 'वतुर' म्हणतात. अम्मा कपाळावर हात मारून इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिनं स्वच्छ पेला भरून आणला आणि तिकडच्या रीतीप्रमाणं दोन्ही हातांत धरून, किंचित झुकून, नामदेवरावांपुढं केला. नामदेवराव उभे राहिले. तहान तर भागलीच होती. तरी त्यांनी तो पेला घेतला आणि सगळा प्याला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लई तिखट हाय ह्यांचा ठेचा," ते म्हणाले.

आणि मग धरणच फुटलं. पुढचे सगळे दिवस नामदेवराव लंकेत पाणी मागत फिरले. दुकानात "वतुर", विहारात "वतुर", रस्त्यात कुणाचं फाटक उघडं दिसलं की गाडी थांबवायला लावून "वतुर". लोक द्यायचे. हे प्यायचे, नमस्कार करायचे, पुढच्या फाटकाला पुन्हा. एका म्हातारीनं पाण्याबरोबर केळीही दिली. गाडी दर अर्ध्या कोसाला झाडाआड थांबायला लागली तेव्हा खाजाभाई वैतागून म्हणाले, "मियाँ, पूरी लंका पी जाओगे क्या?" नामदेवराव म्हणाले, "भाई, चाळीस वर्साची तहान हाय. लागंल थोडा टाइम."

नामदेवराव आता नाहीत. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या आठवणी निघाल्या की लोक मला लंकेचा किस्सा सांगायला लावतात, आणि मी सांगतो, पण मला त्यानंतरचं सांगायचं असतं.

आम्ही परत आलो तेव्हा लातुरात रेल्वेनं पाणी येत होतं. आठवडाभर नामदेवराव आमच्याकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी ते आणि खाजाभाई माझ्या दारात गाडी घेऊन उभे. "बसा अप्पा. गावाकडं जायचं." कशाला, ते आम्हाला कळलं होतं. वाटेत मीच म्हणालो, "नामदेवराव, सखूबाईंनी तर नको म्हणून सांगितलं होतं." ते खिडकीबाहेर पाहत होते. उसाची नुसती खोडवी वाळून उभी होती. "हाव. पर आई म्हणली तवा ती लंका कुठं बघितली होती तिनं?"

वरच्या आळीतलं ते घर आता सिमेंटचं झालं होतं. ओसरीवर तिशीतली एक सून तुरी निवडत बसली होती. आम्ही दोघं गाडीपाशी थांबलो. नामदेवराव पायरीपर्यंत गेले. कडक इस्त्री, हात मोकळे, पाठ ताठ. घसा खाकरला. इतक्या लांबूनही मला त्यांच्या शर्टाची पाठ भिजलेली दिसत होती.

"बाई," ते म्हणाले, "पाणी मिळंल का?"

सून तोंड वर करून म्हणाली, "न्हाई."

खाजाभाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"न्हाई हो काका," ती उठत म्हणाली. "तीन दिस झालं टँकर न्हाई. सकाळचं होतं ते लेकरांनी पिलं. हिरीला तर दगडं दिसून राहिलेत. बसा की उन्हाचं. कोण म्हणायचं तुमी?"

"ह्याच गावचा. भीमनगरातल्या सखूबाईचा नामदेव."

"अगं बाई, मग गावचेच की!" तिनं चटई झटकली. "आजच आलाव, बघा. टँकर उद्या येनार हाय. उद्या या काका, पैला गिलास तुमाला देते."

नामदेवराव हसायला लागले. पायरीवर बसून, गुडघ्यांवर हात मारून हसले. ती बाई बावरून आमच्याकडं पाहायला लागली. "काय नाही हो ताई," मी म्हणालो, "त्यांना बरं वाटतंय."

गाडीत बसल्यावर डोळे पुसत ते म्हणाले, "ज्या 'न्हाई'ला जल्मभर भ्यालो, अप्पा, ते पुन्हा ऐकलं. आन ते तसलं न्हवतंच. पाणीच न्हाई बिचारीकडं!"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच एस.टी.नं गेले. आम्ही येतो म्हणालो, तर नको म्हणाले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्याकडं. मी काही विचारायच्या आत खुर्चीत टेकले आणि म्हणाले,

"मचूळ होतं, अप्पा. लई मचूळ. दोन गिलास पिलो."